न झालेला दणका

"आजचा काय दणदणीत होता गं!" हर्शेल म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलून हसला.

ओपलचा हात अजून कपावरच होता. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून गेले होते, खिडकीतला कूलर घुरघुरत होता, तव्यावर बेकन चरचरत होतं, आणि दणका झालाच नव्हता. होणारही नव्हता. शेवटचा काल झाला, गुरुवारी. कालच्या पेपरात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आलं होतं की विमानांच्या चाचण्या आज संपताहेत, सरकार ओक्लाहोमा सिटीच्या नागरिकांचं ऋणी आहे वगैरे वगैरे. हर्शेलनं तो पेपर वाचला नव्हता, कारण काल दिवसभर तो ओपलच्या भावाबरोबर, ब्यूफोर्डबरोबर, तळ्यावर गळ टाकून बसला होता. आणि संध्याकाळी दोघांनी आणलेले मासे साफ करताना घाण गुंडाळायला ओपलच्या हाती नेमका तोच पेपर लागला. तिनं मात्र तो वाचला होता. वाचून, चला, सुटलो एकदाचे, असंही मनात म्हटलं होतं. पण सहा महिने रोज सातच्या सुमाराला कॉफी हिंदकळू नये म्हणून ती कपावर हात ठेवत आली होती, तसा आजही ठेवला. डोक्याला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. आणि समोर बसलेला तिचा नवरा तिच्याकडे बघून हसत म्हणत होता की काय दणदणीत होता. ती म्हणाली, "हो, होता खरा." आणखी काय म्हणणार? तिनं उठून बेकन उलटलं. आधीच उलटलेलं होतं, ते पुन्हा उलटलं.

हे सगळं सुरू झालं १९६४ सालच्या फेब्रुवारीच्या थंडीत. सरकारला आवाजाहून वेगानं जाणारं प्रवासी विमान बांधायचं होतं. तिकडे इंग्रज आणि फ्रेंच, ज्यांचं एकमेकांशी कधी धड पटलं नाही, ते गळ्यात गळा घालून असलं विमान बांधायला बसले होते. रशियातही काहीतरी शिजतंय अशी कुणकुण होती. मग अमेरिकेनं काय नुसतं हात चोळत बसायचं? अडचण एवढीच होती की असलं विमान डोक्यावरून गेलं की पाठोपाठ जमिनीवर दणका बसतो. खिडक्या थरथरतात, बशा वाजतात, माणूस दचकून उभा राहतो. रोजच्या रोज हे लोक सोसतील का? ते बघायला सरकारनं लढाऊ विमानं धाडली आणि शहर निवडलं ओक्लाहोमा सिटी. दिवसाला आठ दणके, रविवार असो की सण. शहरातल्या बड्या मंडळींना तर आनंदाचं भरतं आलं. उद्या ही विमानं सुरू झाली की ती उतरणार कुठे? जिथल्या लोकांनी आवाज हसत सोसला तिथे! न्हाव्याच्या दुकानात, गिरणीत, चर्चच्या पायऱ्यांवर पुरुष छाती पुढे काढून बोलायला लागले. हर्शेल सगळ्यांत पुढे. "थोडासा आवाज सोसवत नाही आपल्याला? मग फ्रेंचांनी आपल्याला तिकीट विकायचं आणि आपण रांगेत उभं राहायचं, असं म्हणा की!" असं तो टाळ्यांच्या अपेक्षेनं बोलायचा. "न्यूयॉर्कात न्याहारी करून निघायचं, जेवायला लंडनमध्ये!" ओपल म्हणायची, "तुला जवळच्या टल्साला न्यायचं तर आठवडाभर आधी विनवण्या कराव्या लागतात, आणि म्हणे लंडन." अर्थात हे त्याला ऐकू जायचं नाही. त्याला ऐकू जावं म्हणून बोलायचं तर ओरडावं लागे, आणि टोमणा ओरडून मारला की त्यातली सगळी मजा जाते.

अकरा वर्षं झाली होती त्याचे कान गेल्याला. हवाई दलाच्या तळावर जेट इंजिनं बांधून ठेवून पूर्ण जोरात चालवून बघायची एक खोली होती, तिथला तो मिस्त्री. कानात कापूस घालून उभा राहायचा. कापसानं काय होतंय? आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग टेलिफोनची घंटा, मग तिचं बोलणं. पेन्शन मिळाली आणि ऐकायचं एक यंत्र मिळालं, खिशात डबी आणि कानात गुंडी, ते सारखं शीळ घालायचं म्हणून त्यानं खणात टाकून दिलं. ओपलनं पहिली दोनेक वर्षं जीव तोडून ओरडून बघितलं. "मीठ दे!" "काय?" "मीठ!" "चिठ्ठी? कुणाची?" दोघंही चिडायचे. शेजारणी खिडक्यांतून बघायच्या. मग हळूहळू तिनं ओरडणं सोडलं आणि त्यानं विचारणं सोडलं. भांडण नव्हतं, काही नव्हतं. तो न्याहारीची बशी उचलून गॅरेजमध्ये जायचा, संध्याकाळी जेवून झोपायचा. ती रेडिओ लावायची, त्याच्या उशाशीसुद्धा मोठ्यानं लावायची, त्याला काय फरक पडणार होता? कधीकधी दिवस मावळताना तिच्या लक्षात यायचं की आज आपण दोघं एकमेकांकडे एकदाही बघितलेलं नाही. लक्षात यायचं आणि ती भांडी घासायला लागायची.

आणि मग ती फेब्रुवारीतली पहिली सकाळ. दोघं पलंगावर होती, बाहेर अजून अंधार. पेपरात आलं होतं तरी ओपल विसरली होती. एकदम पलंग हलला, खिडकीची काच वाजली, तिच्या छातीत धस्स झालं, आणि शेजारी हर्शेल ताडकन उठून बसला. "ऐकलं!" तो ओरडला. "ओपल, मी ऐकलं! आत्ता! विमानाचा!" दिवा लावून बघते तो त्याचे डोळे पाण्यानं भरलेले. साठीला आलेला तो दांडगा माणूस गोधडीत बसून लहान पोरासारखा हसत होता, आणि ती त्याचे कान दोन्ही हातांनी धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा तिनं त्याच्याकडे असं बघितलं होतं की नाही कोण जाणे. त्या दिवसापासून दोघं सातच्या आत उठून टेबलाशी बसायला लागली. ती कपावर हात ठेवायची, दणका व्हायचा, तो तिच्याकडे बघून हसायचा, म्हणायचा, "कालच्यापेक्षा हलका होता," नाहीतर "ह्या पोरानं आज जरा उशीर केला." मग ती बोलायची. मग तो तिच्या ओठांकडे बघत राहायचा आणि निम्मंशिम्मं त्याला कळायचंही. मीठ मागितलं की मीठ यायला लागलं. गॅरेज दुपारपर्यंत बंद राहायला लागलं. सगळं शहर वैतागलेलं, आणि ह्या एका घरात जणू पाहुणा येणार असावा तशी त्या दणक्याची वाट बघणं चाललेलं. ओपलला ह्याची लाज वाटायची. पण लाज वाटून काय, सुख तर होतंच.

आता बेकन जळायला आलं होतं आणि ती तव्याशी उभी राहून आठवत होती. मग हे कधीपासूनचं? पहिल्या दिवशी त्यानं ऐकलं, ते खरंच. पण नंतर? एप्रिलमधला तो रविवार तिच्या डोळ्यांपुढे आला. चर्चमध्ये सगळे मान खाली घालून प्रार्थना करत होते आणि बरोबर मधोमध दणका झाला. पास्टर दोन शब्द गिळून थांबले, बाकांवरच्या बायका दचकल्या, कुणाच्या तरी हातातलं पुस्तक पडलं. ओपलनं वळून बघितलं तर हर्शेल डोळे मिटून बसलेला, पापणीसुद्धा हलली नाही. तिला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं, काय श्रद्धा आहे माणसाची! बाहेर आल्यावर तिनं चारचौघींना सांगितलंसुद्धा. श्रद्धा कसली आलीय कप्पाळ, डोळे मिटलेले होते! बघायला काही नव्हतं. आणि मेमध्ये एकदा वादळ झालं तेव्हा तो तिच्याकडे बघून विचारत होता, "विमान की ढग?" ती म्हणाली होती, "ढग." आणि त्यानं मान डोलावली होती. म्हणजे कान तिचे होते आणि मान त्याची. तिनं गॅस बंद केला. एकेक आठवण अशी बाहेर काढून, उलटी करून बघायला तिला नको वाटत होतं, पण थांबवतही नव्हतं.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे हे तिनं सगळीकडे सांगून ठेवलं होतं. शेजारच्या लव्हर्न मेहॅफीमुळे. लव्हर्नच्या दिवाणखान्याच्या भिंतीला तडा गेला होता, तिचं चिनी मातीचं हरीण फुटलं होतं, आणि तिनं तक्रारीचा टेलिफोन करून करून सरकारचा एक माणूस बोलावून घेतला होता. त्यानं भिंतीवर टिचक्या मारल्या आणि तडा जुना आहे म्हणून निघून गेला. तेव्हापासून लव्हर्न पेटली होती. कुंपणाशी उभी राहून सह्या गोळा करत होती. ओपल टाळाटाळ करते असं दिसल्यावर ती म्हणाली, "तुला काय गं त्याचं! तुझ्या घरात एक बहिरा, त्याला आवाज झाला काय नि न झाला काय!" झालं. ओपलच्या तोंडून निघून गेलं, "दणका ऐकू येतो त्याला! कान सुधारताहेत त्याचे!" लव्हर्नचं तोंड उघडंच राहिलं. मग ती चांगल्या मनानं कुंपणावरून वाकून ओपलला मिठीत घेऊन रडली, आणि पुढच्या बुधवारी चर्चमध्ये सगळ्यांनी हर्शेलच्या कानांबद्दल देवाचे आभार मानले. हर्शेल मधोमध उभा होता. लाल झाला होता. पण खरं काय ते त्यानं सांगितलं नाही.

न्याहारी झाल्यावर तो गॅरेजकडे गेला. तिच्या काचेच्या बशांच्या फळीला पुढून लाकडी पट्टी ठोकायचं त्याच्या मनात होतं. "विमानं सुरू झाली की हे दणके जन्माचेच आहेत," तो काल म्हणाला होता, "तुझ्या बशा खाली यायला नकोत." ती सिंकशी उभी राहिली. सांगावं का? सांगितलं तर काय होईल हे तिला स्पष्ट दिसत होतं. तो एक शब्द बोलणार नाही. मान खाली घालून बशी उचलेल आणि गॅरेजमध्ये जाईल, आणि परत दुपारी बाहेर येणार नाही, उद्याही नाही. चर्चमध्ये तर पाऊल ठेवणार नाही. आणि नाही सांगितलं तरी आज ना उद्या त्याला कळणारच, पेपरात, न्हाव्याकडे. संपलं म्हणे, असं कुणीतरी बोलेल, आणि तो मनाशी हिशेब घालेल की मग मी शुक्रवारी सकाळी काय ऐकलं? म्हणजे सांगितलं तरी पंचाईत, नाही सांगितलं तरी पंचाईत. आणि खरं सांगायचं तर तिला सर्वांत जास्त झोंबत होतं ते वेगळंच. सहा महिने ती सुखात होती. ते सुख काय नुसतं खोट्यावर उभं होतं? ती ज्याच्याबरोबर रोज सकाळी काहीतरी ऐकत होती असं समजत होती, तो काही ऐकतच नव्हता, मग ती कुणाबरोबर होती?

तिला राहवेना. फळीवरचं मोठ्या भांड्याचं लोखंडी झाकण घेतलं आणि परसातून गॅरेजच्या दाराशी गेली. आत त्याची पाठ होती, रुंद, घामानं शर्ट चिकटलेला. तो पट्टीला रंधा मारत होता. तिनं झाकण सिमेंटवर सोडलं. काय आवाज झाला! लव्हर्नचा कुत्रा भुंकायला लागला, झाडावरच्या रातकिड्यांचं दिवसाढवळ्या चाललेलं किर्र एकदम थांबलं. हर्शेलचा रंधा जात होता, येत होता. लाकडाची एक लांब वळलेली ढलपी निघून त्याच्या बुटावर पडली. ओपलला रडू आलं. त्याच्यासाठी नाही, स्वतःचीच शरम वाटून. आपल्या माणसाच्या पाठीमागे उभं राहून त्याची परीक्षा घ्यायची! इतक्यात उन्हात तिची सावली पुढे पडलेली त्यानं बघितली, वळला, आणि तिच्या पायाशी पडलेलं झाकण बघून म्हणाला, "अगं, पायावर पडलं असतं म्हणजे?" ती म्हणाली, "निसटलं." त्यानं वाकून ते उचललं, शर्टाला पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

दारावर टकटक झाली तेव्हा ती दुपारच्या जेवणासाठी भेंडी मक्याच्या पिठात घोळवत होती. बाहेर पाहणीवाली बाई, मिसेस डार्डन, एवढ्या उकाड्यात टोपी आणि हातमोजे घालून उभी. सरकारतर्फे शहरभर घरोघर जाऊन प्रश्न विचारणाऱ्या ज्या बायका होत्या त्यांतली ही एक. आधी दोनदा येऊन गेली होती, ही तिसरी आणि शेवटची खेप. ओपलला ती आवडायची. कोणत्याही उत्तरावर तिचा चेहरा बदलायचा नाही. थंड चहाचा ग्लास घेऊन ती कोचाच्या टोकाला बसली, कागद मांडीवर घेतले, आणि तेवढ्यात हर्शेल भुसा झटकत आत आला, आपला ग्लास भरून घेतला आणि समोरच्या खुर्चीत आरामात बसला. ह्या बाईसमोर बसायला त्याला फार आवडायचं. मागच्या खेपेला त्यानं तिला फ्रेंचांबद्दल एक लांबलचक भाषण दिलं होतं.

"दणक्यांमुळे झोपमोड झाली का?" मिसेस डार्डननं सुरुवात केली.

"सातला कोण झोपतंय?" ओपल म्हणाली.

"घरातल्या वस्तूंचं नुकसान?"

"नाही. शेजारच्या घरी झालंय. तडा जुना नव्हता, हे लिहा. मी स्वतः बघितलाय तो दिवाणखाना, फेब्रुवारीच्या आधी."

"लिहिते. संभाषणात व्यत्यय आला का?"

ओपलला हसू फुटलं. संभाषणात व्यत्यय! ह्या घरात अकरा वर्षांचा व्यत्यय होता आणि तो दणक्यानं मोडला, हे कुठल्या चौकटीत लिहायचं? "नाही," ती म्हणाली. "उलट." मिसेस डार्डन पेन्सिल टेकवून थांबली, उलट ह्या उत्तराला जागा नव्हती बहुतेक, आणि तिनं पान उलटलं. "आता शेवटचा प्रश्न राहिला, मग तुमची सुटका," ती मोकळेपणानं म्हणाली. "म्हणजे तसं सगळं संपलंच आहे म्हणा. कालच शेवटचा झाला ना."

ओपलनं बाईकडे बघितलं नाही, हर्शेलकडेही बघितलं नाही, ग्लासातल्या बर्फाकडे बघत राहिली. आणि तेच चुकलं, कारण हर्शेलला तिचं तोंड वाचायची सवय लागलेली.

"काय झालं?" तो मोठ्यानं म्हणाला. तो बोलायचा ते मोठ्यानंच. "काय म्हणाली ती?"

मिसेस डार्डन भली बाई. बहिऱ्या माणसाला समजावं म्हणून ती पुढे वाकली आणि लाल रंगवलेले ओठ चांगले फाकवून, एकेक शब्द तोडून म्हणाली, "संपलं! काल! शेवटचा दणका काल झाला! आज नाही!"

हर्शेलनं हातातला ग्लास गुडघ्यावर टेकवला. त्याच्या मानेपासून लाली वर चढत होती, चर्चमध्ये चढली होती तशीच. ओपलला वाटलं, आता उठेल. आता ग्लास ठेवेल आणि मागच्या दारानं जाईल. आणि मग तिनं जे केलं त्याचं तिचं तिलाच नंतर नवल वाटत राहिलं, कारण तिनं आयुष्यात कधी पोस्टातल्या माणसाशीसुद्धा खोटं बोललेलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "आज सकाळी एक झाला. सातला."

"शक्य नाही, मिसेस टॅकेट. विमानं काल संध्याकाळीच परत—"

"झाला म्हणते ना मी! आम्ही दोघांनी ऐकला. टेबलाशी बसलो होतो. हवं तर तसं लिहा तुमच्या कागदावर. एखादं विमान मागे राहिलं असेल, त्यांना सगळं ठाऊक असतं असं थोडंच आहे!" तिचा आवाज चढला होता, कान तापले होते. सरकारच्या बाईसमोर ती खोटं बोलत होती आणि मागे हटायला तयार नव्हती. मिसेस डार्डननं पेन्सिल खाली ठेवली. तिच्या न बदलणाऱ्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कणव दिसली, आणि ती ओपलला मुळीच नको होती. आता ही मनात म्हणत असेल, बिचारी, भ्रम झालाय हिला.

"नाही झाला," हर्शेल म्हणाला.

ओपलनं वळून बघितलं. तो मिसेस डार्डनकडे बघून बोलत होता. "आज सकाळी काही झालं नाही, बाई. ती खोटं बोलतेय. माझ्यासाठी बोलतेय. तिला वेडंबिडं समजू नका." मग तो ओपलकडे वळला आणि जरा हळू बोलायचा प्रयत्न केला, पण ते त्याला जमत नसे. "पहिला ऐकला होता मी. शपथेवर सांगतो, तो ऐकला. पुढचे कधी बुटातून यायचे, टेबलातून यायचे. पुष्कळसे नाहीच आले. पण तू कपावर हात ठेवायचीस, मान अशी उचलायचीस, मग मला कळायचं, आता. मग तू दचकायचीस. मग झाला, हेही कळायचं." त्यानं ग्लास ठेवला. "आज तू दचकली नाहीस. मी म्हटलं, आता सवय झाली असेल हिला."

"मग सांगितलं का नाहीस?" ओपल म्हणाली. "मेल्या, सांगायचंस ना! सगळ्या चर्चनं प्रार्थना केली तुझ्या कानांसाठी!"

त्याला सगळं कळलं नाही, पण सांगितलं का नाहीस एवढं कळलं. "तू बघायला लागली होतीस माझ्याकडे," तो म्हणाला. "ते बंद झालं असतं."

मिसेस डार्डन स्वतःच्या हातमोज्यांची बोटं सरळ करत बसली होती. ओपलनं रागवायला हवं होतं, आणि राग शोधूनही सापडत नव्हता. सकाळपासून ती धास्ती घेऊन बसली होती की हा बिचारा स्वतःच फसला आहे, आणि फसवलं होतं ते त्यानंच तिला, रोज सकाळी, तिच्याकडे डोळे लावून बसून. सहा महिने ती कप सांभाळत होती आणि हा तिला बघत होता! आपण काय अवतारात टेबलाशी बसायचो, केसांत पिना, तो जुना झगा, हे तिला उगाचच आठवलं आणि ती लाजली. ह्या वयात! आणि मग तिचा जीव भांड्यात पडला. ते सुख खोटं नव्हतं. ती समजत होती त्या ठिकाणी नव्हतं, इतकंच.

"शेवटचा प्रश्न," मिसेस डार्डन घसा साफ करून म्हणाली, कारण तिचं काम तिला पुरं करायचं होतं. "असे दणके रोज, कायमचे, वर्षानुवर्षं होत राहिले, तर तुम्हाला त्यांच्याबरोबर राहता येईल का? हो की नाही?"

कालपर्यंत ओपलचं उत्तर ठरलेलं होतं. दोन्ही खेपांना तिनं हो म्हटलं होतं, लव्हर्नचं तोंड आठवून आत कुरतडलं जात असतानाही हो म्हटलं होतं. आता तिनं परसाच्या खिडकीतून पलीकडची लव्हर्नची भिंत बघितली, आणि तिला एकदम फार थकल्यासारखं आणि फार बरं वाटलं. सहा महिने रोज आठ वेळा छातीत धस्स होत होतं, हे आजवर तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "लिहा, नाही. आम्हाला नको."

"काय सांगितलंस?" हर्शेलनं विचारलं.

ती त्याच्याकडे पूर्ण वळली. घाई केली नाही, ओरडलीही नाही. "नाही म्हटलं. नको म्हटलं."

त्यानं ते वाचलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. हा देशाचा प्रश्न होता, आणि तो सहा महिने न्हाव्याच्या दुकानात लढला होता. "अगं, मग फ्रेंच पुढे जातील!"

"जाऊ देत."

हर्शेल विचारात पडला. इंग्रज, फ्रेंच, रशियन, सगळे त्याच्या डोळ्यांपुढून एकेक करून पुढे जात असावेत. "जाऊ देत तर जाऊ देत," शेवटी तो म्हणाला. "त्यांना निदान ऐकू तरी येईल."

मिसेस डार्डनला ठसका लागला, चहा नाकात गेला. आणि ओपलला जे हसू आलं ते काही केल्या आवरेना. पदरी पडलेल्या सगळ्या सकाळी त्यात होत्या, ती पोट धरून, डोळे पुसत, श्वास लागेपर्यंत हसत राहिली. हर्शेलला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तो समोर बसून बघत होता.